पूर्वपक्षाचा पाट

सरांवर लिहायचं ठरवलं तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. छत्री, पाट, धर्माचे नारळ, काकूंचे टोमणे, कपाटाचं कुलूप. यादी पुरी झाली आणि लक्षात आलं, की सरांना हा लेख दाखवला असता तर पहिल्याच ओळीला त्यांनी विचारलं असतं, "कशावरून?" आणि "मला आठवतं" हे उत्तर त्यांच्या घरात चालत नसे.

सर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मुंबईच्या एका कॉलेजात आयुष्यभर शिकवून निवृत्त झाले आणि नागावला आपल्या वाडीत येऊन राहिले. नारळ, पोफळी, विहिरीवर रहाट, पुढे शेणानं सारवलेली पडवी. विद्यापीठाच्या मार्गदर्शकांच्या यादीत त्यांचं नाव अजून होतं, पण त्यांच्याकडे एम.ए.चा प्रबंध करायला कुणी येत नसे. मुंबईच्या विद्यार्थ्यानं लाँचनं रेवसला उतरायचं, तिथून एसटीनं अलिबाग, पुढे नागाव, आणि एवढं करून सरांनी त्याला "समुद्र खरा आहे कशावरून?" असं विचारायचं. दुसऱ्या खेपेला तो येत नसे.

मी अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवत होते. बी.ए.ला माझं तत्त्वज्ञान होतं, एम.ए. व्हायचं होतं, आणि नोकरी सोडून मुंबईला राहणं शक्य नव्हतं. पाच-सहा मैलांवर मार्गदर्शक आहे म्हटल्यावर मी दुसरीकडे पाहिलंच नाही. माझी निवड ही अशी होती. त्यात ज्ञानाची ओढ किती आणि एसटीची सोय किती, हे मी कधी तपासलं नाही.

पहिल्या भेटीला मी दहा प्रश्न लिहून नेले होते. सर पडवीत पंच्याचं सुटलेलं टोक शिवत बसले होते. माझे प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले आणि विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

"मुगाची खिचडी आणि पोह्याचा पापड."

"कशावरून?"

"आठवतंय ना मला."

"आठवतंय. म्हणजे माहीत आहे?"

मी पिशवीतून वही काढली. आठवड्याच्या स्वयंपाकाची यादी मी रविवारीच करून ठेवते. शनिवार, रात्र, मुगाची खिचडी, पापड. मी बोट ठेवून दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वही डोळ्यांजवळ धरली.

"हे तर करायचं म्हणून लिहिलंय. केलंत कशावरून?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, ती पोर उन्हातून आलीय. तिला पाणी तरी विचारा. की तहान लागलीय हेही सिद्ध करायला लावणार आहात?"

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. ठेंगण्या, चपळ, आणि बोलायला थेट. सरांशी संसार करताना त्यांनी तत्त्वज्ञान किती उचललं होतं ते त्या कुणाला कळू देत नसत.

सरांनी मला घेतलं. कारण त्यांनी नंतर सांगितलं: "आठवणं म्हणजे माहीत असणं का, असं विचारल्यावर तुम्ही चिडला नाहीत, वही काढलीत. हे बरं लक्षण आहे."

सरांचं म्हणणं थोडक्यात असं. डोळ्यांनी पाहिलं ते ज्ञान. धुरावरून विस्तव ओळखला, तेही ज्ञान. जाणत्या माणसानं सांगितलं तेही चालेल. पण आठवण हे ज्ञान नव्हे. ती कालच्या ज्ञानाची नक्कल. तिच्यातून नवं काही कळत नाही. हे मत जुन्या नैयायिकांचंच, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, पण सरांनी त्यावर तरुणपणी एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. माझ्या प्रबंधाचा विषयही त्यांनीच ठरवला. आठवण हे ज्ञान का नव्हे, ते मी दाखवायचं होतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, भांडायचं मराठीत.

इतर प्राध्यापक आपली मतं वर्गात ठेवून घरी जातात. सर ती घरीही वापरत. वाडीचं काम बघणारा धर्मा साठीचा गडी होता. एकदा तो कोयता घेऊन पडवीसमोर उभा राहिला.

"भाऊ, नारल उतरवतो आज."

"कोण म्हणालं?"

"तुमीच बोल्लात काल."

"कशावरून?"

"आता कशावरून काय? माज्या ध्यानात हाय ना!"

"ध्यानात असणं हा पुरावा होत नाही, धर्मा."

धर्मानं क्षणभर विचार केला. "मंग असं करतो भाऊ. नारल उतरवतो. खाली पडलं म्हंजे तुमाला दिसतील." आणि तो निघून गेला. सर कितीतरी वेळ खूश होते. "बघा, प्रत्यक्षावर आला," म्हणाले.

आणि छत्री. सर बाराही महिने वाडीत उघडी छत्री घेऊन हिंडत. पावसाळ्यात सगळेच घेतात, पण हे चैत्रात, वैशाखातही. कारण पूर्वी कधीतरी त्यांच्या खांद्यावर नारळ पडला होता. काकूंना हे फार आवडायचं. मी गेले की त्या मुद्दाम विषय काढत. "अगं, यांना विचार. आठवण खोटी, तर मग छत्री कशाला?"

"आठवण खोटी असं मी म्हणत नाही. प्रमाण नाही, असं म्हणतो," सर छत्रीखालून म्हणत. "आणि छत्री अनुमानावर आहे. वर नारळ आहेत, खाली मी आहे."

"नारळ पूर्वीही होते. छत्री पडल्यावर आली," काकू म्हणत आणि आत जात. मी हे माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. प्रबंधाला उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. काकू काहीतरी छान बोलल्या म्हणून लिहिलं होतं.

आता पाट. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रात पद्धत अशी, की आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष झाला की त्याचं खंडन, तो उत्तरपक्ष. पुष्कळ लोक पूर्वपक्ष दोन ओळींत उरकतात, म्हणजे खंडन सोपं जातं. सरांना याची मनस्वी चीड होती. "समोरचा माणूस आपल्या घरी पाहुणा आहे," ते म्हणत. "त्याला उंबऱ्यात उभं करून काठी मारायची नाही. आधी बसवायचं."

आणि ते खरोखर बसवत. पडवीत भिंतीशी एक पाट मांडलेला असे. त्यावर कुणी बसायचं नाही. तो पूर्वपक्षाचा पाट. चहा आला की तीन कप येत. एक सरांना, एक मला, एक पाटासमोर. पहिल्या दिवशी काकू दारातून विचारत्या झाल्या, "पूर्वपक्षाला साखर किती?" मी गोंधळले. सर गंभीरपणे म्हणाले, "आपल्याइतकीच." विरोधकाच्या बाजूनं बोलायचं झालं, तर मात्र त्या पाटावर जाऊन बसायचं आणि मनापासून बोलायचं. सर स्वतः तिथे जाऊन बसले की त्यांचा आवाजसुद्धा बदले. स्वतःच्याच पुस्तकाची ते अशी चिरफाड करत की मी घाबरून त्यांच्या बाजूनं बोलायला लागे. मग उठून आपल्या जागी येत आणि म्हणत, "हं, आता उत्तर देऊ."

पाटासमोरचा चहा गार झाला की काकू तो मोगऱ्याच्या मुळाशी ओतत.

मला त्यांनी दीड वर्ष फक्त पूर्वपक्ष लिहायला लावला. म्हणजे, आठवण हे ज्ञान आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू. मी पानं नेऊन द्यायचे, पुढच्या रविवारी ती परत मिळायची. समासात एकच शेरा: "समोरचा हसेल." म्हणजे ज्याचं मत आहे तो हे वाचून हसेल, मी असं कुठे म्हणालो म्हणेल. मी पुन्हा लिहायचे. सात वेळा लिहिलं. एकदा मी वेळापत्रकच दाखवलं, "सर, या गतीनं उत्तरपक्ष व्हायला अजून दोन वर्षं लागतील, आणि नोंदणी या मे महिनाअखेर संपतेय." ते म्हणाले, "उत्तरपक्षाला वेळ लागत नाही. पाहुणा नीट बसला की त्याला निरोप देणं सोपं असतं."

सातव्या खेपेला समास कोरा परत आला. तेव्हा एप्रिल संपत आला होता.

याच सुमाराला जिल्ह्यात एक नवं कॉलेज निघणार होतं. त्यांना तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायला माणूस हवा होता. मला भेटायला बोलावलं आणि सांगितलं, की प्रबंध मुदतीत दाखल झाल्याचं पत्र जूनमध्ये आणून द्या, जागा तुमची. नोंदणी एकदा वाढवून घेतलेली होती, दुसऱ्यांदा वाढत नव्हती. म्हणजे मे अखेर चुकली, की दोन वर्षांचं काम गेलं आणि कॉलेजही गेलं.

शाळेला सुट्टी लागली. मी उत्तरपक्षाला बसले. पूर्वपक्षाच्या बारा मुद्द्यांची यादी केली. एकेकाचं खंडन करायचं आणि त्यावर रेघ मारायची. आठ दिवस बसले. बाराच्या बारा मुद्दे होते तसे उभे. एकावरही रेघ नाही. तेव्हा मला माझी चूक कळली. पाहुण्याला मी इतकं नीट बसवलं होतं की आता तो उठायला तयार नव्हता. आणि खरं सांगायचं, तर त्यानं उठावं असं मलाही वाटत नव्हतं.

मी नागावला गेले. सरांना म्हटलं, "उत्तरपक्ष लिहिता येत नाही."

"येत नाही की लिहायचा नाही?"

मी सरळ जाऊन पाटावर बसले. सर मांडी बदलून ताठ बसले.

"सर, गेल्या महिन्यात माझ्या वहीत दोन शब्द होते. कुलूप, बुधवार. अक्षर माझं, शाई माझी. सकाळी वाचलं तर कशाचं कुलूप, काय करायचं, काही सुचेना. शब्द डोळ्यांसमोर होते. प्रत्यक्ष. पण मला माहीत काहीच नव्हतं."

"बरं."

"दुपारी जेवताना आठवलं. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप लोहाराकडे न्यायचं होतं. मधल्या वेळात मी नवं काही पाहिलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, कशावरून काही ताडलं नाही. तरी सकाळी जे माहीत नव्हतं ते दुपारी माहीत झालं. ते कशानं झालं?"

"जुनंच ज्ञान परत आलं."

"परत येण्याआधी ते कुठे होतं? माझ्यापाशी असतं, तर सकाळी मी अडले नसते."

"संस्काराच्या रूपानं होतं. मनावर ठसा असतो, तो जागा झाला."

"ठसा म्हणजे ज्ञान नव्हे. हे तुमच्या पुस्तकातच आहे सर. चौथं प्रकरण."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप ठेवून दारातच थांबल्या. सरांनी पाटासमोरच्या कपाकडे बोट केलं. "तो घ्या," मला म्हणाले. "आज ओतायचा नाही." मग पूर्वपक्षाची पानं ठेवून जा म्हणाले, आणि चार दिवसांनी या.

चार दिवस! माझ्या हिशेबात मुदतीला पंधरा दिवस उरले होते. त्यांत टाइपिंगचे तीन, मुंबईला जाण्यायेण्याचा एक. मार्गदर्शकाची सही नसेल तर विद्यापीठ प्रबंधाला हातही लावत नाही. आणि ज्यांचं तीस वर्षांचं मत मी त्यांच्याच पडवीत बसून मोडलं होतं, त्यांची सही मला हवी होती. त्या चार दिवसांत मी घरातली सगळी भांडी चिंचेनं घासली.

पाचव्या दिवशी गेले तर काकू फाटकाशीच भेटल्या. "बरी आलीस. चार दिवस स्वतःचंच पुस्तक वाचतायत. जेवायला बोलावलं तर म्हणतात, थांब, हा माणूस काय म्हणतोय बघू दे."

सर बाहेर आले. दाढी वाढलेली. "उत्तर सापडलं नाही," म्हणाले. "निदान त्या पुस्तकात नाही."

"मग सर, सही?"

"सही करीन. पण प्रबंध असा जाणार नाही. यात पूर्वपक्ष नाही."

मला वाटलं, उन्हानं मलाच काहीतरी झालं. "सर, पूर्वपक्षच तर आहे सगळा! दीड वर्ष तेच लिहिलंय."

"तो पूर्वपक्ष आता राहिला कुठे? तो तुमचा सिद्धांत झाला. मग त्याला विरोधक हवा. तो मी." त्यांनी ते लहानसं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "हे मांडा. पण नीट. सात वेळा लिहिलंत तसं."

"अकरा दिवसांत?"

"यादी करा."

मी नाराज दिसले असणार. कारण सर खाली बसले आणि वेगळ्याच, हळू आवाजात बोलले. "बाई, या पुस्तकाला तीस वर्षं झाली. कुणी खोडलं नाही. मला वाटायचं, बिनतोड आहे म्हणून. तसं नव्हतं. कुणी वाचलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या. तेव्हा खोडायचं तर नीट खोडा. अर्धवट मांडून खोडलंत, तर ते न वाचल्यातच जमा होईल."

मी पिशवीतून वही काढली आणि अकरा दिवसांचे रकाने आखले.

मी तिथेच राहायला गेले. काकूंनी माजघरात जागा करून दिली. सर मला काही सांगत नसत. त्यांचं मत मी माझ्या शब्दांत लिहायचं आणि ते तपासणार. पहिल्या दिवशीची पानं परत आली, समासात शेरा: "मी हसलो." दुसऱ्या दिवशीही हसले. तिसऱ्या दिवशी हसले नाहीत. मी रकान्यात खूण केली. सगळं वेळेवर चाललं होतं, आणि पाचव्या दिवशी सकाळी सर वाडीतून जवळजवळ धावत आले. छत्री बाहेरच कुठेतरी टाकून.

"सापडला! माझ्या बाजूनं नवा मुद्दा! पुस्तकात नाही हा."

मुद्दा असा होता. दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी आठवली तर खरं कोणाचं? ठरवायला तिसऱ्याची आठवण घ्यावी, तर ती खरी कशावरून? तिला चौथी. मग आठवण स्वतःच्या पायावर उभी आहे, असं कसं म्हणायचं?

मुद्दा चांगला होता. इतका चांगला, की माझं टाइपिंगला गेलेलं चौथं प्रकरण परत आणावं लागलं. मी म्हटलं, "सर, हा पुढच्या एखाद्या लेखात घालू."

"वा! पाहुण्याला वाढताना भाजी संपली म्हणायचं?"

"सर, तारीख!"

"अहो, तीस वर्षांत इतका चांगला मुद्दा मला सुचला नव्हता. तुमच्यामुळे सुचला. तो टाकायचा?"

त्यांचा चेहरा पाहून मला हसू यावं की रडू, कळेना. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाई गं, घाल तो. नाहीतर मला जन्मभर ऐकावा लागेल."

दोन दिवस मी त्या एका मुद्द्याशी झुंजले. अर्धं उत्तर मिळालं. डोळ्यांनी पाहण्याचंही तसंच आहे, तिथेही शंका आली तर पुन्हा डोळ्यांनीच पाहतो. पण उरलेलं अर्धं मिळेना. सर म्हणाले, "मग तसं लिहा. इथवर उत्तर देता आलं, पुढे सापडलेलं नाही."

"परीक्षक नापास करतील."

"करतील कदाचित," सर शांतपणे म्हणाले. "पण खोटं उत्तर लिहिलंत तर मी सही करणार नाही."

तसं लिहिलं. अलिबागच्या टायपिस्टनं चार प्रती काढल्या, सरांनी चारही प्रतींवर टाक बुडवून सही केली. शेवटच्या दिवशी पहिल्या लाँचनं मी रेवसहून निघाले, प्रती मेणकापडात गुंडाळून मांडीवर. विद्यापीठातली खिडकी बंद व्हायला पाऊण तास असताना पोचपावती हातात पडली. दोन दिवस हाताशी ठेवायचे असं रकान्यात लिहिलं होतं, ते काही जमलं नाही.

कॉलेजची जागा त्या पावतीवर मिळाली, पण निकालापर्यंत तात्पुरती. दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं, सोबत परीक्षकांच्या अभिप्रायाची प्रत. मी घरी उघडलं नाही. तशीच नागावला गेले आणि पडवीत सरांसमोर उघडलं. पदवी मंजूर. परीक्षकांनी लिहिलं होतं, की विरोधी मताची इतकी समर्थ मांडणी विद्यार्थ्यांच्या प्रबंधात क्वचित दिसते, किंबहुना हाच या प्रबंधाचा सर्वांत बळकट भाग आहे. लेखिकेनं दिलेली उत्तरं एकंदरीत पटतात. एका आक्षेपापुढे आपण अडल्याचं तिनं कबूल केलं आहे, तो आक्षेप आमच्या माहितीत नवा असून त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

सरांनी पत्र माझ्या हातून घेतलं. चष्मा पुसून शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "काय लिहिलंय? पास झाली ना पोर?"

"झाली."

"आणि तुमचं काय झालं?"

"मी हरलो," सर म्हणाले. "पण पहिल्या वर्गात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. एवढ्यात धर्मा विहिरीकडून येताना दिसला. सरांनी त्याला हाक मारून पायरीवर बसवलं आणि पत्र पहिल्यापासून, मोठ्यानं, मराठी करून वाचायला सुरुवात केली.